वेग कोणत्या काट्यावर मोजायचा?

अहिल्यानगर शहर असो की श्रीरामपूर, संगमनेर. आज दुकानाचा हिशेब, जीएसटीचे विवरणपत्र आणि मुलांचा अभ्यास घरातल्या एकाच इंटरनेट जोडणीवर चालतो. समजा, १०० एमबीपीएसची जोडणी घेतली. एका संकेतस्थळावर वेग तपासला तर ९५ दिसतो, दुसऱ्यावर ६०, तिसऱ्यावर ३५. ग्राहक म्हणतो, कंपनी लुबाडते. कंपनी म्हणते, तुमचा राउटर खराब. खरे कोणाचे?

आपल्या जिल्ह्यातील ऊस उत्पादकाला हा प्रश्न नवा नाही. कारखान्याच्या काट्यावर एक वजन आणि बाहेरच्या काट्यावर दुसरे, ही तक्रार जुनीच आहे. इंटरनेटच्या बाबतीत फरक इतकाच की, येथे प्रत्येक काटा वेगळीच वस्तू तोलतो.

'स्पीडटेस्ट' हे ऊकला कंपनीचे संकेतस्थळ जवळचा सर्व्हर निवडते. पुष्कळदा तो जोडणी देणाऱ्या कंपनीच्याच जाळ्यात असतो. शिवाय ते एकाच वेळी अनेक धारांनी माहिती ओढते. त्यामुळे आकडा मोठा येतो. पण तो बहुधा कंपनीच्या फाटकापर्यंतच्या रस्त्याचा असतो. २०१६ साली सुरू झालेले 'फास्ट डॉट कॉम' नेटफ्लिक्सच्या सर्व्हरपासूनचा वेग सांगते. 'एम-लॅब'ची चाचणी कंपनीच्या जाळ्याबाहेरील सर्व्हरशी एकाच धारेने होते. सर्व्हर पुण्याऐवजी मुंबईत किंवा परदेशात असला, वाटेत गर्दी झाली, की आकडा उतरतो. रात्री सारा मोहल्ला एकदम मोबाइल उघडतो, तेव्हा तर उतरतोच. भिंतीआडचे वायफाय आणखी घट करते. आणि १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, अर्थात साडेबारा मेगाबाइट. फाइल उतरवताना १२ मेगाबाइट दिसले तर ती फसवणूक नव्हे.

तरीही सारा दोष ग्राहकाच्या अज्ञानावर ढकलणे बरोबर नाही. किराणा दुकानदाराच्या काट्याला सरकारी शिक्का लागतो; या मालाला तसा काटाच नाही. 'ट्राय'च्या २००६ सालच्या नियमांत कबूल वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळावा, अशी अट होती. पण ती कंपनीच्या नोडपासून घरापर्यंतची. पुढच्या रस्त्याचे काय? २०२३ पासून तर किमान २ एमबीपीएस वेगाची जोडणीही 'ब्रॉडबँड' म्हणवते. त्यात जाहिरातीतला '१०० पर्यंत' हा शब्दप्रयोग! 'किलोपर्यंत साखर' म्हणून कोणी पुडी विकली तर आपण घेऊ काय?

आमचे म्हणणे असे की, रात्रीच्या गर्दीत किमान किती वेग मिळेल आणि तो कोठपर्यंतचा, हे प्रत्येक बिलावर छापले पाहिजे. कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये स्वतः पुरेपूर घेऊन दुसऱ्याला कमी मापून देणाऱ्यांना सक्त ताकीद आहे. केबल आणि इंटरनेटच्या धंद्यात उतरणाऱ्या आपल्या तरुणांनी ती आपल्यालाही लागू आहे, असे समजावे. एका मोठ्या लाइनवर क्षमतेबाहेर ग्राहक जोडणे हेही मापात मारणेच आहे.

ग्राहकानेही शहानिशा न करता कोणावर आरोप करू नये. संगणकाला थेट वायर जोडून, घरातील बाकीचे मोबाइल बंद ठेवून, सकाळी आणि रात्री तिन्ही ठिकाणी वेग मोजावा. आठवडाभराचे आकडे वहीत लिहावेत. तिन्ही आकडे सतत कमी असतील तर कंपनीच्या तक्रार केंद्राकडे, तेथे दाद न मिळाल्यास अपिलात जावे. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तेथे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. मात्र आयोगापुढे जाताना हातात संतापापेक्षा ती वही असलेली बरी.