तुलना नेमकी कोणत्या जाळ्याशी?



कृत्रिम जाळ्यांशी तुलना करून काय साधते, असे विचारणाऱ्या गेल्या अंकातील पत्राशी मी असहमत आहे. बिंदू आणि जोडण्यांच्या जाळ्यात त्रिकोण, म्हणजे परस्परांना जोडलेले तीन बिंदू, पुष्कळ दिसले, एवढ्यावरून त्यामागे नियम आहे असे ठरत नाही. काही बिंदूंना मुळातच जास्त जोडण्या असल्या, तरी त्रिकोण वाढतात. बिंदू निव्वळ यादृच्छिकपणे जोडून कृत्रिम जाळे बनवणारी एर्डॉश-रेनी पद्धत जोडण्यांच्या संख्येतला हा फरक जपत नाही. म्हणून खऱ्या जाळ्यातील दोन-दोन जोडण्यांच्या टोकांची वारंवार अदलाबदल करून तुलनेचे जाळे बनवावे. प्रत्येक बिंदूच्या जोडण्या तेवढ्याच राहतात, बाकी रचना विस्कटते. २००२ मध्ये संशोधक उरी अलोन व सहकाऱ्यांनी अशाच तुलनेतून ई. कोलाय जिवाणूच्या जनुक-नियंत्रणातला तीन घटकांचा आकृतिबंध योगायोगापेक्षा अधिक वेळा येतो, हे दाखवले. या कसोटीविना काढलेला निष्कर्ष स्वीकारू नये.

– एक वाचक, पुणे