आजीचा बिब्बा आणि पॅरासेल्सस

परवा भाचीने फोनवर विचारलं, "मामा, जडीबुटीचं औषध ना, मग त्याने अपाय कसा होईल?" उत्तर देता देता मला आजीचा बिब्बा आठवला.

आमचं गाव मंगरूळपीर तालुक्यातलं. आज वाशीम जिल्हा, १९९८ पर्यंत अकोला. खोकला झाला की आजी बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायची आणि कपभर दुधात तेलाचा एक थेंब पाडायची. एकच! मी एकदा गंमत म्हणून हिरवा बिब्बा हातावर चोळला, तर असा उतला की आठ दिवस तोंड सुजलेलं. (आजीचा प्रयोग मी माझ्या मुलांवर करणार नाही, तुम्हीही करू नका.)

पॅरासेल्ससने हीच गोष्ट १५३८ साली लिहून ठेवली. सगळंच विष आहे, ते विष ठरतं की नाही हे मात्रेवर अवलंबून. हा स्विस वैद्य किमयागार होता, पण किमयेचं काम सोनं करणं नव्हे, औषध करणं, असं म्हणायचा. १५२७ मध्ये बाझेलला त्याने लॅटिन सोडून जर्मनमध्ये शिकवलं आणि इब्न सिनाचा ग्रंथ जाळला. स्वभाव भांडखोर, पण पारा, गंधक यांसारखी खनिजं औषधात आणण्याला त्याने मोठं बळ दिलं. आज विषशास्त्राचा जनक म्हणतात त्याला.

आपल्याकडे चरकाने तर हे फार आधी सांगितलंय. बिब्ब्याचा म्हणजे भल्लातकाचा प्रयोग दहा फळांपासून, रोज एक वाढवत तीसपर्यंत, त्यापुढे नाही. म्हणजे जुने वैद्य मोजत होते.

मोजणं आपण सोडलं. माझ्या काकांनी गुडघ्यांसाठी एका फिरत्या वैदूच्या पुड्या दोन वर्षं घेतल्या. मूत्रपिंडं बिघडली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, पुडीत काय होतं? घरात कुणालाच सांगता येईना. दोष पुडीचाच होता का, हे आता कधीच कळणार नाही. मला सलतं ते हेच.

बिब्बा, पारा, सोमल असलेल्या पोटात घ्यायच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. कायदाच आहे तसा. पण कागदाच्या पुडीवर कोण काय छापणार?

असो. भाचीला एवढंच सांगितलं: औषध झाडाचं की कारखान्याचं ते नंतर. आधी विचार, त्यात काय आहे आणि किती आहे. उत्तर नाही मिळालं तर पुडी परत दे.