आमच्या नावाने दार लावू नका

ऑगस्ट २०२५ मध्ये आठवड्याभरात दोन गोष्टी घडल्या. आमच्या नालासोपाऱ्यातल्या एका बाईचे नाव मतदार यादीत सहा वेळा, वेगवेगळ्या ओळखपत्र क्रमांकांनी आल्याची बातमी आली. यादी सरकारी यंत्रणेने केलेली, पण मोबाइलवर नाव फिरले ते त्या बाईचे. आमच्या गल्लीत सगळ्या हसल्या. मीही आधी हसलेच, मग लाज वाटली. त्याच आठवड्यात, १७ ऑगस्टला, मुख्य निवडणूक आयुक्त ज्ञानेश कुमार यांनी दिल्लीत पत्रकारांना विचारले, आया-सुना-लेकींचे मतदान केंद्रावरील सीसीटीव्ही चित्रण आयोगाने द्यावे का?

म्हणजे आमच्या अब्रूची काळजी! पण मतदार यादीत आमचे नाव, नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव, वय, घर क्रमांक छापलेला असतोच. तेव्हा नाही कुणाला संकोच वाटत. आणि त्या चित्रणात दिसणार काय? रांग दिसेल. २० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्रात संध्याकाळी पाचपर्यंत ५८.२२ टक्के मतदान झाल्याचे सांगितले गेले, अंतिम आकडा ६६.०५ टक्के आला. सहाच्या आत रांगेत आलेल्यांना मत देता येते, त्यामुळे आकडा वाढण्यात आपोआप काही काळेबेरे नाही. पण रांगा होत्या की नव्हत्या, हे पाहण्याचा साधा उपाय ते चित्रणच होते. डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून ते सर्वसामान्यांना बंद केले, आणि मे २०२५ मध्ये निवडणूक याचिका नसेल तर निकालानंतर ४५ दिवसांनी नष्ट करण्याचे ठरले. प्रती वाटू नका, कार्यालयात बसवून दाखवा. एवढे तर करता येईल ना?

मोबाइलचेही असेच. आयोगाचे सी-व्हिजिल अॅप २०१८ पासून आहे. पैसे-दारू वाटताना दिसले की फोटो किंवा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा, ठिकाण नकाशावर आपोआप नोंदले जाते, १०० मिनिटांत निपटारा करायचा. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूची आहे. नाव न देता तक्रार करता येते, पण मग तिचे पुढे काय झाले ते कळत नाही. शिवाय चाळीत फोटो कोणत्या खिडकीतून घेतला हे गल्लीला बरोबर समजते! केनियात २००८ मध्ये निवडणुकीनंतरच्या हिंसाचाराचे निरोप लोकांनी पाठवले आणि ते 'उशाहिदी'च्या नकाशावर सर्वांना दिसले. उशाहिदी म्हणजे स्वाहिलीत साक्ष. आपल्याकडची साक्ष अधिकाऱ्यांच्या टेबलावर जाते.

आमच्या गटाने आता वस्तीच्या यादीचा भाग छापून घरोघर वाचायला घेतला आहे. तीन गल्ल्या झाल्या. दोन मयत सासवा यादीत आहेत, लग्न होऊन आलेल्या चार सुनांची नावे अजून माहेरी आहेत. पत्ता बदलण्याचा फॉर्म ८ मोबाइलवरून भरता येतो. चौघींपैकी तिघींनी सांगितले, "ताई, रात्री नऊनंतर या. मोबाइल यांच्याकडे असतो, विरार लोकलने आले की मिळेल."