यंदाच्या हळदीकुंकवाला बाटली नको, पन्हं करा

ग्वाल्हेरच्या मराठी घरांना ही कळकळीची विनंती आहे, आणि ती आत्ताच करायला हवी. पाडवा झाला की इथलं ऊन कुणासाठी थांबत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारी लू सुटते आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्या फ्रिजमध्ये रंगीत बाटल्यांची दाटी होते. ३०० मिलिलिटर कोलात साधारण ३० ग्रॅम साखर असते. मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका बाटलीतच दिवसाचा हिशेब संपला!

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. महिनाभर घरोघरी हळदीकुंकू. ऐन उन्हाच्या तोंडावर कैरीचं पन्हं, वाटली डाळ आणि भिजवलेले हरभरे द्यायची रीत आपल्या पणज्यांनी उगाच घातली नव्हती. आता मात्र कागदी ग्लासातून कोला फिरतो, सोबत वेफर्स. ‘एवढा वेळ कुणाला आहे?’ हे कारण ऐकून घेता येतं, पटत नाही. कैऱ्या उकडायच्या, गर काढायचा, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि बेताचा गूळ घालायचा. एवढंच तर काम. घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ त्यातून परत मिळतं. मधुमेहींसाठी गूळ वगळून पुदिना आणि मिरपूड घाला. रक्तदाब असलेल्यांनी मिठाला हात आखडता घ्यावा.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला, लष्कर वसलं आणि आपली घरं इथलीच झाली. शेजाऱ्यांकडून आपण बेडई घेतली, कचोरी घेतली, मुरैन्याची गजक घेतली. ती सोडा असं कोण म्हणेल? थंडीत गजक न खाणारा ग्वाल्हेरकर कसला! पण त्याच शेजाऱ्यांचा सत्तू मात्र आपण गरिबाचं खाणं म्हणून बाजूला ठेवला. भाजलेल्या हरभऱ्याच्या १०० ग्रॅम सत्तूत २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. डब्यांतल्या महागड्या पावडरी आणण्याआधी एकदा दाल बाजारात चौकशी करा. थंड पाण्यात किंवा ताकात कालवा, वर बारीक कांदा, लिंबू, काळं मीठ. शाळेतून तापून आलेल्या मुलाला हे आधी द्या.

खरी घाई मात्र वेगळीच आहे. जे आपण विकत घेत नाही, ते बाजारातून नाहीसं होतं. फालसे बघा. उन्हाळ्यात जेमतेम काही आठवडे मिळणारं हे जांभळं आंबटगोड फळ तोडल्यावर दोन दिवसही नीट टिकत नाही. शीतगृहाचा व्यापारी त्याच्या वाटेला जात नाही. ते ठेलेवाल्याच्या आणि आपल्या भरवशावरच जगतं. ठेला दिसला की थांबा, घासाघीस न करता पाव किलो घ्या.

बथुआचं दुखणं याहून मोठं. आपला ताकातला चाकवत तो हाच. थंडीत गव्हाच्या शेतात आपोआप उगवतो, म्हणून शेतकऱ्याच्या लेखी तो तण. रुंद पानांच्या तणांवर जी औषधं फवारतात, त्यांत तोही जळतो. मंडईत मागणी असली, तरच कुणी तो खुडून जुडी बांधेल. (मूतखडा असलेल्यांनी तो जपून खावा, त्यात ऑक्झॅलेट बरंच असतं.)

आणि बाजरी? मुरैना-भिंडची बाजरी आपल्या दाराशी पिकते. गव्हाहून जास्त लोह तिच्यात, आणि आपण विकत घेतो ‘मल्टीग्रेन’ बिस्किटं, ज्यांत मैदा पहिल्या ओळीत छापलेला असतो. पीठ लवकर कडवट होतं हे खरं. मग आठवड्यापुरतंच दळून आणा.

महिला मंडळांनी, गणेशोत्सवाच्या कार्यकर्त्यांनी आणि लग्नाच्या जेवणावळी ठरवणाऱ्यांनी यंदा पेयांच्या यादीतून बाटल्या खोडाव्यात. पन्हं, मठ्ठा आणि सत्तू लिहावेत. बाकीच्यांनी सभेची वाट बघू नये. या आठवड्यात कैऱ्या आणा, पहिल्याच हळदीकुंकवाला पन्हं ठेवा, आणि तांब्याभर शेजारीही पाठवा.