नेमाच्या अंतराला मर्यादा हवी : सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांस खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी, सिंधुदुर्ग, यांचे सेवेशी.



भात पोटरीस येण्याच्या सुमारास रानडुकरांचा कळप एका रात्रीत कुणगेच्या कुणगे उलथून टाकतो, आणि सकाळी बांधावर उभा राहिलेला शेतकरी प्रथम आपल्या नशिबास व मग सरकारास बोल लावतो, हे आपल्या दप्तरातील अर्जांवरून आपणांस विदित असेलच. अशा शेतकऱ्याच्या घरी पूर्वापार असते ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची किंवा काडतुसाची बंदूक. परंतु अलीकडे आमच्या जामसंडे-देवगडकडील तरुण बागायतदारांच्या बोलण्यात रायफल आणि तिच्यावर बसवायची दुर्बीण वारंवार येऊ लागली आहे, आणि तीनशे मीटरवरचे डुक्कर जागच्या जागी लोळवण्याची भाषा सर्रास ऐकू येते. हे पत्र त्या भाषेसंबंधी आहे.

कायद्याची बाब प्रथम. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार निषिद्ध केली. उभ्या पिकास उपद्रव देणाऱ्या रानडुकरासारख्या अनुसूची २ मधील प्राण्याविषयी त्याच अधिनियमाच्या कलम ११ खाली, कारणे नमूद केलेल्या लेखी हुकुमानेच, अपवाद होऊ शकतो. अनुसूची १ मधल्या गव्याला पिकाच्या नुकसानीचा हा अपवाद लागू नाही, आणि सांजवेळी भिंगातून दिसणारी काळी आकृती डुकराची की गव्याच्या वासराची, हे ओळखण्याची सर्व जबाबदारी बंदूकधाऱ्याची आहे.

आता दुर्बिणीविषयी. बाजारात जितकी पट मोठी तितकी दुर्बीण श्रेष्ठ, असा समज आहे. वस्तुस्थिती अशी की ५० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण २४ पटीवर नेली असता डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत जेमतेम २ मिलिमीटर रुंदीचा उरतो, तर त्याच भिंगातून ८ पटीवर तो ६ मिलिमीटरच्या वर असतो. आणि डुकरे ज्या तिन्हीसांजेला बाहेर पडतात त्या वेळी डोळ्याची बाहुली ५ ते ७ मिलिमीटर विस्फारलेली असल्यामुळे मोठ्या पटीचा धनी अंधुक चित्रच पाहतो. शिवाय पट वाढली की दृष्टिक्षेत्र आक्रसते, म्हणजे डुक्कर मोठे दिसते आणि त्याच्या चार हातांवर उभा असलेला माणूस दिसतच नाही. शिकारीस गेलेल्यांपैकी एकाची गोळी दुसऱ्यास लागल्याच्या बातम्या कोकणास अपरिचित नाहीत.

दुर्बीण कितीही उत्तम असली तरी ती गोळीचा मार्ग बदलत नाही. सेकंदाला सरासरी ६०० मीटर वेगाने जाणारी गोळी ३०० मीटरचे अंतर कापण्यास अर्धा सेकंद घेते आणि तेवढ्या अवधीत गुरुत्वाकर्षणाने सुमारे सव्वा मीटर खाली येते. ज्या वाऱ्यासाठी देवगडच्या पठारावर पवनचक्क्या उभारल्या, तोच वारा तिला वीतभर बाजूस सारतो. आणि डुकराचे मर्मस्थान तरी वीतभरच असते. या साऱ्याचा हिशेब करून दुर्बिणीच्या खुंट्या फिरवायच्या, तर रायफल कागदी लक्ष्यावर वारंवार झाडून झिरो केलेली, म्हणजे ठरावीक अंतरावर जेथे नेम तेथेच गोळी पडेल अशी जुळवलेली, असली पाहिजे. खुंटीचा एक खटका बहुधा १०० मीटरवर सात मिलिमीटरांचा फरक करतो; निवडणुकीच्या काळात हत्यार ठाण्यात जमा होऊन परत आले आणि दुर्बीण वाटेत कोठे आपटली, तर शून्य पुन्हा तपासल्यावाचून झाडलेला बार म्हणजे निव्वळ दैवाधीन कारभार. काडतुसाच्या गुळगुळीत नळीवर तर दुर्बीण चढवून उपयोगच नाही, कारण एलजीच्या, म्हणजे मोठ्या छऱ्यांच्या, काडतुसाचा भरवसा चाळीस-पन्नास पावलांपलीकडे उरत नाही.

आमच्या भूमीचा विचार याहून गंभीर आहे. येथे माती थोडी आणि कातळ फार. नेम चुकलेली गोळी मातीत रुतत नाही, कातळावरून उसळते, आणि गडग्यापलीकडच्या कलमांच्या बागेत राखणीसाठी खोपटात निजलेला नेपाळी कामगार तिच्या वाटेत असू शकतो. शेजारच्या राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलीचे कांस्यपदक मिळवले ते ५० मीटरवर, दुर्बिणीविना, वर्षानुवर्षांच्या सरावाच्या बळावर. आणि आमच्याकडे वर्षात दोन बारही न काढणारा गृहस्थ केवळ भिंगाच्या भरवशावर त्याच्या सहापट अंतराच्या गोष्टी करतो!

म्हणून विनंती अशी. उपद्रवी डुकरासंबंधी वनखात्याशी विचारविनिमय करून जी परवानगी दिली जाईल, तीत अंतराची कमाल मर्यादा स्पष्ट लिहावी. माझ्या अल्पमतीप्रमाणे ती गुळगुळीत नळीस ३० मीटर आणि दुर्बिणीच्या रायफलीस १०० मीटर असावी, आणि लक्ष्यामागे मातीचा चढ असल्याखेरीज बार काढण्यास मनाई असावी. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षाप्रशिक्षणाची तरतूद आहेच. तिची अंमलबजावणी तालुक्याच्या ठिकाणी, भातकापणीपूर्वी, प्रत्यक्ष लक्ष्यावर नेम घेववून व्हावी. जो आपल्या हत्यारासाठी ठरलेल्या कमाल अंतरावर पाचांपैकी पाच गोळ्या वीतभर वर्तुळात बसवू शकत नाही, त्यास जनावरावर बार टाकण्याची मुभा देऊ नये. नुकसानभरपाईचे पंचनामे वेळेवर झाले, तर बंदुकीकडे वळणारे हातही कमी होतील.

यंदाच्या कापणीपूर्वी या बाबतीत हुकूम निघावा, ही विज्ञापना.

आपला,
जामसंडे येथील एक बागायतदार