चार ओळींचं काम

"अरे, चार ओळींचं तर काम आहे!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

/व्हार डिरेक्टरी नव्या पार्टिशनवर न्यायची आहे? सीपी -आर मारा, आरएम -आरएफ मारा, एफएसटॅबमध्ये एक ओळ टाका, रीबूट करा. झालं, चहा प्यायला मोकळे!

एका शनिवारी रात्री साडेअकराला मित्राचा फोन आला, तेव्हा त्यानं हेच करून ठेवलं होतं. तेही सर्व्हर चालू ठेवून, कारण "डाउनटाइम नको" असा वरून आदेश. आता डेटाबेस उठत नव्हता. पहिलं कारण सोपं होतं. नुसत्या -आर ने कॉपी केलं की फायलींची मालकी कॉपी करणाऱ्याकडे, म्हणजे रूटकडे जाते. ती परत दिली, तरी ढिम्म! कारण कॉपी चालू असताना डेटाबेस लिहीतच होता. एक फाइल दहाची, दुसरी दहा वाजून सहा मिनिटांची. आणि मूळ प्रत? ती तर उडवलेली. बॅकअप गुरुवारचा. पुढच्या दोन दिवसांच्या ऑर्डरी त्याच्या लोकांनी ईमेल उघडून हातानं भरल्या.

माझं म्हणणं असं, की "हलवणं" हा शब्दच फसवा आहे. एकाच पार्टिशनवर एमव्ही म्हणजे नुसतं नाव बदलणं, क्षणात होतं. पार्टिशन बदललं की तीच कमांड आधी सगळं कॉपी करते आणि मग मूळ पुसते. घर बदलताना नव्या घराचे नळ न तपासता जुन्या घराची किल्ली कोणी देऊन टाकतं का? इथे मात्र आपण बिनधास्त देतो.

आणि /व्हार म्हणजे काही फक्त लॉगचा कचरा नव्हे. डेबियन किंवा उबुंटूवर कुठलं पॅकेज बसवलंय याची नोंदवही /व्हार/लिब/डीपीकेजीमध्ये असते. ती गेली की मशीनला स्वतःचंच काही आठवत नाही.

मुळात सगळी /व्हार हलवायची गरज असते का, हे आधी विचारा. बरेचदा एखादी डॉकरची किंवा डेटाबेसची डिरेक्टरीच फुगलेली असते, तेवढीच न्या. एलव्हीएम असेल आणि ग्रुपमध्ये जागा शिल्लक असेल तर व्हॉल्यूम वाढवा, विषय संपला.

हलवायचीच असेल तर मशीन बंद करा, पेन ड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्सनं सुरू करा. म्हणजे कोणी मागून लिहीत नाही. आरसिंकला छोटा ए आणि मोठे एच, ए, एक्स द्या. मालकी, हार्ड लिंक, एसीएल, एसईलिनक्सची लेबलं, सगळं सोबत जातं. एफएसटॅबमध्ये यूयूआयडी लिहा, कारण एसडीबी आज आहे तो उद्या एसडीसी होऊ शकतो. मग जुन्या /व्हारचं नाव बदलून /व्हार-जुनी करा आणि जागेवर रिकामी /व्हार बनवा.

हे नाव बदलणं लोक हमखास गाळतात. जुना डेटा तिथेच ठेवून वर नवं पार्टिशन माउंट केलं की तो खाली झाकला जातो. डीएफ म्हणतं डिस्क भरली, डीयूला काही सापडत नाही. त्यात कोणी शहाण्यानं एफएसटॅबमध्ये नोफेल लिहिलं असेल तर विचारूच नका. एके दिवशी माउंट फसतं, मशीन मुकाट्यानं जुन्या डेटावर सुरू होतं, आणि डेटाबेस महिन्यापूर्वीच्या जगात नव्या नोंदी करू लागतो! त्यापेक्षा मशीन बूट न होता बोंबललेलं परवडलं.

"पण मग जागा कुठे मोकळी झाली?" नाही झाली. आठवडाभर होणारही नाही. दोनदा रीबूट करा, फाइंडमाउंटनं /व्हार खरंच नव्या पार्टिशनवर आहे ना ते बघा, एक बॅकअप उतरवून बघा, मग पुसा. आणि डाउनटाइम लागतोच. अर्धा तास मागा, कारण सांगून मागा. मॅनेजर कुरकुरेल, कुरकुरू दे. त्या शनिवारी अर्धा तास वाचवायला गेलेला सर्व्हर सोमवारी दुपारी उभा राहिला होता.

मित्रानं नंतर सगळं नीट केलं. त्याची /व्हार-जुनी अजून तिथेच आहे म्हणे, आठवडा उलटून कित्येक महिने झाले. मी त्याला काही बोलत नाही.