‘शकुंतले’चे रूळ कोणासाठी?
यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा सुमारे १९० किलोमीटरांचा नॅरोगेज लोहमार्ग, जनतेची ‘शकुंतला’, किलिक-निक्सन या ब्रिटिश पेढीने घातला तो वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला धाडण्यासाठी. १९५१ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही मालकी कंपनीकडेच राहिली. गाड्या मात्र सरकारी रेल्वेने चालविल्या. मूर्तिजापुरास प्रत्येक गाठ उतरवून पुन्हा ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवावी लागे. हा दुहेरी खर्च वाचवणाऱ्या ट्रकने माल पळविला आणि अखेर गाड्याही थांबल्या. ब्रॉडगेजची घोषणा २०१६ साली झाली. परंतु केवळ रूळ रुंद करून भागणार नाही. मार्ग पूर्णपणे सार्वजनिक मालकीचा हवा आणि स्थानकोस्थानी मालधक्के हवेत. कापूस पिकविणाऱ्यास स्वस्त वाहतूक मिळाली, तरच हा बदल सार्थकी लागेल.